काळी, पांढरी आणि फाटकाजवळची खोली

जेवणाच्या टेबलावर ताटं ठेवायला जागा नव्हती, कारण तिथे गाड्या पसरल्या होत्या. जाड, गुळगुळीत कागदावर छापलेल्या. काळी एका सुळक्याच्या टोकावर उभी होती. तिथवर ती चढली कशी, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. पांढरी एका लांबलचक पुलावरून धावत होती. दोन्ही चित्रांत माणूस म्हणून नव्हता. आत्याने हातात ताटं धरून दोन्ही पाहिली आणि मनाशी म्हणाली, खरंच आहे, माणसं हटवल्याशिवाय एवढं धूड मावणार कुठे.

हे तिने मनातच म्हटलं. महत्त्वाचं ते मनात म्हणायचं, अशी या घराची रीत होती. तोंडाने बोलायचं ते हवेवर, पाहुण्यांवर, आणि गेला महिनाभर गाड्यांवर.

दादाला काळी हवी होती. दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, घराचा कर्ता. त्याची पाण्याच्या टाक्यांची एजन्सी होती आणि शहरात जिथे तिथे लागलेल्या फलकांवर टाकीला टेकून हसणारा माणूस तो स्वतःच होता. काळीत बसलं की ट्रकवाल्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येतो, असं तो म्हणे. जणू आजवर ट्रकवाल्यांनीच त्याला मान खाली घालायला लावली होती. त्याच्या मुलाला पांढरी हवी होती. मुलाला घरीदारी सगळे शेठ म्हणत. शाळा सोडून बापाच्या गल्ल्यावर बसायचा हट्ट करायचा, तेव्हा थट्टेने पडलेलं नाव. पुढे त्याने ते इतकं अंगाला लावून घेतलं, की थट्टा नेमकी कुणाची झाली ते कळेना. काळी म्हणजे पैलवान, पांढरी म्हणजे धावपटू, असं तो सांगे. पांढरी वळणावर रस्त्याला चिकटून राहते. त्यावर दादा म्हणे, चिकटायला ती काय गोचीड आहे. वहिनीचं एकच मागणं होतं, छप्पर उघडणारी घ्या. उघडून करायचं काय, असं आत्याने विचारलं, तर वहिनी म्हणाली, करायचं काय म्हणजे, उघडतं हे लोकांना दिसायला नको?

त्या दिवशी कागद गोळा करून जागा करताना आत्याने सहज विचारलं, या दोघींची रुंदी किती.

शेठ हसून हसून मागे रेलला. "आत्या, ती गाडी आहे, कवळी नाही. तिचं माप घेत नाहीत."

वहिनी हसली. दादा हसला नाही. त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

आत्या कवळ्या करायची. दवाखान्यांतून ठशांचे डबे तिच्याकडे यायचे; त्या ठशांत प्लास्टर ओतून ती जबडे काढायची, जबड्यांवर मेणाच्या हिरड्या घडवायची, त्यांत एकेक दात बसवायची. आधी हे काम तिचे वडील करत. फाटकाला लागून असलेली ती अरुंद खोली त्यांनीच बांधून घेतली होती. एका बाजूला खिडकी, खिडकीखाली दगडी ओटा, ओट्याला नळ, आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर जबडे. पांढरे, कोरडे, कुणाचे अरुंद, कुणाचे एका बाजूला झिजलेले. नवख्या माणसाला आत पाऊल टाकताच आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटे, कारण एवढी तोंडं एकदम गप्प बसलेली त्याने कधी पाहिलेली नसत.

वडिलांना वाटायचं, थोरला हे काम शिकेल. थोरल्याला कवळीची भुकटी कालवायच्या पातळ औषधाचा उग्र वास सहन होत नव्हता. दुसऱ्याच्या तोंडात हात घालून मी पोट भरणार नाही, असं सांगून तो टाक्यांकडे वळला. धाकटी मात्र दप्तर टाकलं की थेट ओट्याशी. तिला स्थळं आली, बोलणी झाली, पण दर वेळी वडिलांचं काहीतरी काम अडकलेलं असे आणि दर वेळी घरातले म्हणत, एवढं उरकू दे. ते कधी उरकलं नाही. कुणी तिला नाही म्हटलं नव्हतं. कुणी तिला हो म्हणायला वेळच दिला नव्हता. वडील गेले तेव्हा तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. आता गल्ली तिला दातवाली आत्या म्हणते आणि पलीकडच्या रस्त्यावरची डॉक्टरीणबाई मधून मधून निरोप धाडते, दवाखान्यामागची खोली रिकामी आहे, तुम्ही इकडे या. आत्या म्हणे, नको बाई, माझी खोली आहे.

ती तिची होती हे कागदावर कुठे नव्हतं. पण घरात सगळ्यांनी ते कानांनी ऐकलं होतं. शेवटच्या आजारात वडिलांनी स्वतःची कवळी काढून ठेवली होती. जन्मभर दुसऱ्यांना दात दिले, आता मला नकोत, म्हणाले. त्या बोळक्या तोंडाने त्यांनी दादाला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "फाटकाजवळची खोली हिची." एवढंच. सगळ्यांना ते स्वच्छ ऐकू आलं. दादाने मान डोलावली.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र फक्त चौघांना माहीत होती. काही वर्षांपूर्वी दादाच्या हिरड्या सडल्या आणि वरचे सगळे दात काढावे लागले, तेव्हा तो दवाखान्यातल्या बाकावर बसायला तयार होईना. कुणी पाहिलं म्हणजे? मग डॉक्टरीणबाई एका दुपारी या खोलीत आल्या, घरातले सगळे बाहेर असताना. त्यांनी माप घेतलं. कवळी आत्याने केली. तिने समोरचा एक दात मुद्दाम जरासा तिरका बसवला, लहानपणी होता तसा, म्हणजे कुणाला संशय नको. वहिनीला सांगावंच लागलं. मुलाला आजतागायत सांगितलं नाही. फलकांवर टाकीला टेकून दादा जे हसतो, ते हसू आत्याच्या हातचं आहे. शहरातून जाताना ती स्वतःच्या कामाकडे मान वर करून बघते, आणि काम तिच्याकडे बघून हसतं, पण ओळख दाखवत नाही.

पांढरी दाखवायला आणली, तेव्हा ती फाटकातून आत आली. आरसे मिटावे लागले, शेठने उतरून हातवारे केले, पण आली. काळीच्या वेळी तसं झालं नाही. शोरूमचा टायवाला सेल्समन ती रस्त्यावरून वळवून फाटकाशी घेऊन आला, पुढे झाला, मागे झाला, पुन्हा पुढे झाला. गाडीच पिपाण्या वाजवायला लागली. एका बाजूला शेजाऱ्याची दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला आत्याची खोली, आणि मधे ते काळं तोंड अडकून बसलेलं. सगळे खाली उतरले. आत्या हातावरचं प्लास्टर पुसत दारात आली.

सेल्समन टाय सारखा करत म्हणाला, "सर, काही प्रॉब्लेम नाही. ही स्टोअररूम काढली की एकदम मोकळी एंट्री होईल."

त्याचा दोष नव्हता. त्याला माहीत नव्हतं. पण जे माहीत असलेले होते, त्यांच्यापैकी एकानेही तोंड उघडलं नाही. वहिनी गाडीच्या छपराकडे बघत होती. शेठ फोन चाळत होता. आणि दादा, ज्याने मरणाऱ्या बापासमोर मान डोलावली होती, तो खोलीकडे, दाराकडे, दारातल्या बहिणीच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत म्हणाला, "बघू."

या 'बघू'ची आत्याला जितकी चीड आली, तितकी साफ नकाराची आली नसती. नकाराला निदान चेहरा असतो.

गाडी रस्त्यावर ठेवा, असं कुणी सुचवायची सोय नव्हती. शेठनेच आधी एकदा ऐकवलं होतं, रस्त्यावर ठेवायला ती काय हातगाडी आहे. म्हणजे हिशोब सरळ होता. पांढरी आली तर खोली राहणार. काळी आली तर खोली जाणार. आणि या हिशोबातला 'खोली' हा शब्द कुणीही उच्चारणार नव्हतं. दादा डिकीबद्दल बोलणार, शेठ इंजिनाबद्दल, वहिनी छपराबद्दल. आणि त्या डिकीत, त्या इंजिनात आत्याची खोली कोंबून बसवलेली असणार.

मग तीही तसंच बोलू लागली. खोलीत बसून पांढरीचे कागद वाचायची. पानांवर प्लास्टरची बोटं उमटायची. जेवताना म्हणायची, पांढरीची डिकी मोठी आहे म्हणे. पांढरीचा ब्रेक चांगला लागतो म्हणे. एकदा तर तिने कातड्याच्या रंगाची तारीफ केली आणि स्वतःच्याच आवाजाची तिला शिसारी आली. कुणाच्या पाया पडावं, आणि पाया पडतोय हे कळू नये म्हणून वाकून चप्पल शोधायचं नाटक करावं, तसं ते होतं. शेठ मात्र खूश. आत्या आपल्या पार्टीत, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. दुसऱ्यांदा पांढरी आली तेव्हा त्याने तिला मागच्या सीटवर बसवून फिरवून आणलं आणि कुठलंसं बटण दाबलं. सीट तिची पाठ चोळू लागली. आत्या ताठ बसून राहिली. या घरात कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवल्याला किती काळ लोटला, ते तिला आठवेना. आणि आता एक यंत्र, विकायला ठेवलेलं यंत्र, तिला म्हणत होतं, दमलीस का गं.

घरी आल्यावर तिने सगळ्यांसमोर सांगितलं, फार सुखाची गाडी आहे.

ती जिंकलीही असती. दादा वाकायला लागला होता. काळीचा टायर महाग पडतो, असं त्याच्याच तोंडून निघालं होतं. पण एका सकाळी शेठ दात घासत गच्चीत उभा होता आणि समोरच्या टाइल्सवाल्याच्या दारात पांढरी येऊन थांबली. तीच. टाइल्सवाला तिच्याभोवती फडकं घेऊन फिरत होता.

"संपला विषय," शेठ खाली येऊन म्हणाला.

आत्याने विचारलं, कसला विषय. तर तो म्हणाला, पांढरीचा. आता आपण घेतली तर टाइल्सवाल्याची नक्कल केली म्हणतील लोक. आत्या म्हणाली, मग तीच निळ्या रंगाची घ्या. त्यावर बापलेक दोघंही हसले, महिन्याभरात पहिल्यांदा एका सुरात. मॉडेल तेच ना, आत्या. माणसाने जरा वेगळं दिसावं.

संध्याकाळी काळी बुक झाली. ज्या खोलीत एका माणसाने जन्म काढला आणि दुसऱ्याने आयुष्य, ती समोरच्याने फडकं मारलं म्हणून गेली. आत्याला वाटलं, निदान पुराने जायची होती. आगीने जायची होती. माणसाच्या वैरानेसुद्धा चाललं असतं. पण वैर तरी कुठे होतं कुणाच्या मनात? तिच्या वाटेत कुणी काटे पेरले नव्हते. ती फक्त कुणाच्या हिशोबात नव्हती.

तिने वाट पाहिली. कुणीतरी येऊन सांगेल. दादा नाही, तर वहिनी सांगेल. कुणी आलं नाही. एका सकाळी प्लास्टर कालवायला तिने नळ सोडला, तर नळ खाकरला आणि बंद पडला. तिने दिवा लावला, लागला नाही. बाहेर आली तर शेठ एका प्लंबरला पाइप कुठून तोडायचा ते दाखवत होता.

"अगं आत्या," तो म्हणाला, "तुला सांगायचं राहिलंच."

"काय सांगायचं राहिलं?"

"हेच." त्याने हात हवेत फिरवला. त्या हातवाऱ्यात फाटक होतं, भिंत होती, आणि मधे कुठेतरी ती.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती बोलली एवढंच, "बरं." मग स्वयंपाकघरातून बादली भरून आणली आणि एका पेन्शनर बाईंच्या कवळीचं प्लास्टर कालवलं. ते तिने घाईघाईने ओतलं. साच्यात बुडबुडे राहिले, आणि वडिलांच्या वेळेपासून पहिल्यांदा तिला एक साचा फोडून टाकावा लागला.

गाडी बुक केल्याबद्दल शोरूमने सुक्या मेव्याची पेटी पाठवली होती, आत मखमल, वर सोनेरी अक्षरं. दादाने त्यातला एक बदाम उचलला आणि पुढच्या दातांनी चावला.

तो खोलीत आला तेव्हा दुपार होती. कितीतरी वर्षांनी तो त्या दारातून आत येत होता. त्याने आधी दार लावून घेतलं, मग तोंडावरचा रुमाल काढला. नाकाखालचा सगळा चेहरा आत ओढला गेला होता. आत्याला क्षणभर वाटलं, वडीलच आलेत. आणि तसं वाटल्याचा तिला राग आला. त्याने रुमालातून कवळीचे दोन तुकडे ओट्यावर ठेवले. बरोबर मधोमध तडकली होती.

पुढच्या आठवड्यात गाडी येणार, तो म्हणाला. शब्द ओठांवरून घसरत होते. शोरूमवाले फोटो काढणार, तोच पुढे फलकाला वापरायचा. डॉक्टरीणबाईंकडे जा, असं ती म्हणाली. तर तो म्हणाला, तिथे लोक बसलेले असतात. ती म्हणाली, इथे वीज नाही, पाणी नाही, मी काय फुंकर मारून जोडू?

"शेठला सांग ना, वायर जोड म्हणावं."

"तुझा मुलगा आहे. तू सांग."

त्याने नुसतं आपल्या तोंडाकडे बोट केलं. आणि आत्या उठली. आपण का उठलो, याचं उत्तर तिला पुढे कितीही राग केला तरी सापडलं नाही. इतक्या वर्षांची सवय असते ती; पाय आधी उठतात, माणूस नंतर.

अंगणात शेठ गवंड्याबरोबर होता. दोघं मिळून खोलीच्या भिंतीला मोजपट्टी लावत होते. आता मोजपट्टी आली होती. आत्या म्हणाली, एक काम राहिलंय, तासभर वीज दे.

"कुणाचे दात अडलेत एवढे?" शेठने विचारलं.

"अडलेत एका माणसाचे."

"सांग त्याला, आता दुसरं दुकान बघ. आणि तोवर मऊ खा." गवंडी हसला. शेठही हसला, पण मन काही अगदी वाईट नव्हतं त्याचं. घरातून लांब वायर आणून त्याने खिडकीतून आत टाकली. पडदा ओढलेला होता, म्हणून ओट्याशी तोंड झाकून बसलेला बाप त्याला दिसला नाही. आत्याने बादली भरली, अंगणातून वाहून आणली. कुणी हात लावला नाही. ज्याने लावायला हवा होता तो पडद्याआड बसला होता, आणि त्याची अब्रू बादलीबरोबर तिच्याच हातात होती.

तिने तुकडे मेणाने जुळवले, पाठीमागे प्लास्टर भरलं, ते सुकल्यावर तडा रुंद करून त्यात भुकटी आणि औषध भरलं. औषधाचा वास सुटला. दादाने नाक मुरडलं, लहानपणी मुरडायचा तसंच.

काम करता करता, मान वर न करता ती म्हणाली, "दादा, खोलीचं तू मला एकदा तोंडाने सांग. पाडणार आहेस ना, मग तसं म्हण. तेवढंच मागते."

त्याने रुमाल पुन्हा तोंडाशी धरला.

"दात नाहीत म्हणून बोलता येत नाही, असं काही नाही. बाबांना आलं होतं. सगळ्यांना समजलं होतं."

कवळी घासायचं मशीन घरघरत होतं. फळ्यांवरचे जबडे थरथरत होते. दादाने दोन्ही ओठ आत घेतले आणि म्हणाला, "आधी दात दे."

तिने दिले. मुद्दाम वाईट करावेत असं मनात येऊन गेलं. एक कंगोरा राहू द्यावा, जिभेला रोज बोचेल असा. हातांनी ऐकलं नाही. सांधा कुठे होता ते बोटालाही लागू नये, असं काम झालं. दादाने कवळी बसवली, दात वाजवून पाहिले, भिंतीवरच्या आरशात वळून बघितलं. चेहरा पुन्हा भरला. फलकावरचा माणूस परत आला आणि त्या माणसाला बोलता येत होतं.

"गाडी बुक झालीय गं," तो म्हणाला. "आता मागे कसं फिरायचं? तुला गच्चीत पत्र्याची शेड घालून देतो. हवेशीर."

आत्या ओटा पुसत होती. "हेच दात नसताना बोलला असतास," ती म्हणाली, "तर मी ऐकलं असतं."

त्याला ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. जाताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ, आणि दार उघडं टाकून गेला.

तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. पुढचे दिवस ती जबडे कागदात गुंडाळत राहिली. वहिनी एकदा दारात येऊन म्हणाली, अगं एवढं काय मनाला लावून घ्यायचं, घर तर तुझंच आहे. आत्याने विचारलं, घराचा कुठला भाग? वहिनी म्हणाली, हे असं तिरकं बोलणं बरं नव्हे, आणि गेली. हातगाडीवरून सामान दवाखान्यामागे गेलं. ओटा राहिला, दगड होता, उचलला नाही. गवंड्याने दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर घण घातला आणि त्याचा आवाज दवाखान्यापर्यंत आला. त्या दिवशी तिने तिथे बसून एका ड्रायव्हरची खालची कवळी घडवली आणि इतकी सुबक घडवली, की डॉक्टरीणबाई खिडकीकडे घेऊन जाऊन बघत राहिल्या.

काळी आली त्या सकाळी आत्या कपड्यांची शेवटची पिशवी न्यायला घरी आली होती. खोलीच्या जागी आता नुसती सपाट फरशी होती, ताजी, अजून दमट. तिच्यावर ती गाडी उभी होती, टपावर मोठी लाल फीत बांधलेली. सेल्समन रस्त्यावर फोनवर बोलत होता. फोटोवाला दिवा उभा करत होता. घरातली माणसं कपडे बदलायला आत गेली होती.

आत्याच्या पिशवीत कपड्यांवर एक कागदी पुडकं होतं. सगळे जबडे दवाखान्यात पोचले होते, हा एक तिने मागे ठेवला होता. वरचा जबडा, एकही दात नसलेला, पांढराफेक. दुसऱ्या साच्यांच्या बुडाशी गिऱ्हाइकाचं नाव असे. याच्या बुडाशी पेन्सिलीने 'दादा' लिहिलेलं होतं. कारागीर असा साचा सांभाळून ठेवतो, पुन्हा कधी कवळी मोडली तर म्हणून. आता तो तिच्यापाशी राहायचं कारण नव्हतं. या साच्यावरून कुणीही नवे दात करून देईल. ज्याचं त्याला परत.

तिने गाडीचं दार उघडलं. पायरी उंच होती. दांडा धरून चढली. आत नवं कातडं, थंड, महाग, मेलेलं. समोर काचेखाली रुंद पट्टा होता. त्यावर तिने तो जबडा ठेवला, रस्त्याकडे तोंड करून, नीट मधोमध. खाली उतरली आणि आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या ताकदीनिशी, दार आपटलं.

दार आपटलं नाही. शेवटच्या बोटभर अंतरावर ते आपोआप सावकाश झालं आणि हळूच, सभ्यपणे, आवाज न करता मिटलं. ब्रोशरमध्ये वाचलं होतं तिने हे, काळीचं वैशिष्ट्य. तेवढा एक आवाज काढायचा होता तिला या घरात, तोही या गाडीने खाल्ला.

तिने पिशवी उचलली. फाटक आता ऐसपैस होतं. तिच्यासारख्या कितीतरी जणी एकमेकींचे हात धरून बाहेर पडू शकल्या असत्या. ती त्यातून एकटीच बाहेर पडली. समोर टाइल्सवाला पांढरीला फडकं मारता मारता थांबून काळीच्या काचेकडे टक लावून बघत होता.

मागे माणसं बाहेर आल्याचे आवाज आले. वहिनीने छप्पर उघडायला सांगितलं. मग शेठचा आवाज, आधी हसरा, मग गोंधळलेला: "पप्पा, हे काय आहे? खाली दादा लिहिलंय."

आत्या चालत राहिली.

"साहेब, इकडे बघा," फोटोवाला म्हणत होता. "तोंड का मिटलंत? हसा ना, साहेब."